पावसाने ओढ दिली, तो श्रावण

श्रावण सरत आला तरी नांदेडात पाऊस नाही. म्हणजे आला होता. मृगात दणक्यानं आला, लोकांच्या पेरण्या करून घेतल्या, आषाढात आमच्या गल्लीत घोटाभर पाणी साचवलं आणि मग गेला तो गेलाच. आता रोज सकाळी ढग येतात. पांढरे, पोकळ, कापूस पिंजून टाकल्यासारखे. पश्चिमेकडून येतात आणि घाईघाईनं पूर्वेकडं निघून जातात. दिवसभर वारं सुटलेलं असतं. अंगाला गार लागतं, पण त्यात ओल नसते. दोरीवरचे कपडे बघता बघता वाळतात, ओठ उलतात, तुळशीची माती पाणी घातल्यावर घटकाभरात पुन्हा पांढरी पडते. दारं आपटत राहतात आणि मी उठून त्यांना पाट लावत फिरते.

हल्ली मला या वाऱ्याचा शीण येतो. तशी आता कसली घाई नाही. नोकरी संपली, मुलगा त्याच्या संसारात आहे. तरी दुपारी आडवं झालं की झोप लागत नाही आणि उठलं की झोप झाल्यासारखं वाटत नाही. खिडकीतून रस्ता दिसतो. पाठीवर दप्तरं घेतलेली पोरं एका क्लासमधून दुसऱ्या क्लासला चाललेली असतात. चौकाचौकांत गुणवंतांचे फोटो लावलेले मोठाले फलक आहेत आणि त्यांच्या खालून ही फोटोत नसलेली पोरं मान खाली घालून जातात. आभाळाकडं त्यांच्यातलं कुणी बघत नाही. कशाला बघतील? मी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण आभाळाकडं बघायला मीसुद्धा फार थोड्यांना शिकवू शकले.

परवा संध्याकाळी मंगलचा फोन आला. मंगल माझी विद्यार्थिनी, जुनी. आता तिकडं किनवटच्या जंगलातल्या एका निवासी शाळेत शिकवते. तिचेही केस पांढरे व्हायला लागलेत.

"मॅडम, तिकडं हाय का पाऊस?"

"नाही गं. तुझ्याकडं?"

"काल भुरभुर झाली जराशी. इकडं सागाचं रान हाय ना, दोन थेंब पडले तरी लई पडल्यावानी वाजतंय." मग म्हणाली, "वारं सुटलंय का?"

"सुटलंय."

"मग वरून दाब हाय अजून," ती म्हणाली. घरातल्या कुणाचा ताप अजून उतरला नाही, हे सांगावं तशा आवाजात.

पावसानं ओढ दिली की मंगलचा फोन येतो. दरवर्षी नाही, ज्या वर्षी असा खंड पडतो त्या वर्षी. आम्ही पावसाचं बोलतो, तिच्या शाळेतल्या लेकरांचं बोलतो, माझ्या गुडघ्यांचं बोलतो आणि ठेवून देतो. त्या श्रावणाचं आम्ही कधीच बोलत नाही. त्याची गरज पडत नाही.

मी तेव्हा लातूरला होते. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. नवरा नांदेडला सरकारी कचेरीत, आणि मला लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवायची नोकरी लागलेली. आठवडाभर लातूरला एका खोलीत राहायचं आणि शनिवारी दुपारी एसटीनं नांदेड गाठायचं, असा संसार होता. भूकंप त्याच्या आदल्या वर्षीचा. गणपती बुडवून लोक दमून झोपले होते, त्या पहाटेचा. लातूर शहर तसं उभं राहिलं होतं. पण शहरातली माणसंसुद्धा कितीतरी महिने घरात झोपली नाहीत. मैदानात, शाळेच्या पटांगणात, रस्त्याच्या कडेला बाजा टाकून झोपायची. ट्रक गेला तरी उठून बसायची. माझी घरमालकीण भांड्यांच्या फळीवर पितळी तांब्यावर वाटी पालथी घालून ठेवायची, हादरा बसला की वाजावी म्हणून. वाटी उंदरानं पाडली तरी आम्ही सगळ्या अंगणात.

आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, दुसरंही एक काम जोरात सुरू झालं होतं. बाहेरगावची पोरं लातूरला शिकायला यायला लागली होती. डॉक्टर, इंजिनियर व्हायचं तर लातूर, असं आईबाप बोलायला लागले होते. जो तो घरावर मजला चढवत होता. औशाच्या पलीकडं गावंच्या गावं पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती, छताखाली झोपायला घाबरत होती, आणि इकडं पोरांना भाड्यानं द्यायच्या खोल्यांसाठी स्लॅब पडत होते. सकाळी कॉलेजला जाताना वाळू-सिमेंट कालवणाऱ्या यंत्राचा खडखडाट आणि क्लासच्या दारातला चपलांचा ढीग, दोन्ही ओलांडून जावं लागायचं. कुणाचं चुकत होतं असं नाही. ज्याला जसं जगणं सुचलं तसं तो जगत होता. पण मला रोज बघून थकायला व्हायचं.

विज्ञान शाखेचे वर्ग माणसांनी फुटत होते. आमची कला शाखा मागच्या बाजूला, पत्र्याच्या दोन खोल्यांत. ज्यांना कुठं जागा मिळाली नाही, ज्यांची घरची स्थिती नाही, ज्यांना बाप म्हणाला की नुसतं नाव घाल, अशी मुलं तिथं यायची. मंगल त्यांतली. अकरावीला आली तेव्हा मला तिचं एवढंच माहीत होतं की ती किल्लारीकडच्या एका खेड्यातली आहे, भूकंपात आई गेली, दहावीची परीक्षा तिनं शेडमध्ये अभ्यास करून दिली आणि आता लातूरला मामाकडं राहते. मामा अडतीवर मुनीम होता. भला माणूस. भाचीनं सायन्सला जावं म्हणून तिच्या मागं लागला होता. ती नाही म्हणाली. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "लई गर्दी हाय तिथं. पळायचं म्हनलं तर दाराला जाता येत न्हाई." ती वर्गात कायम दाराजवळच्या बाकावर बसायची. मामाच्या घरी ओसरीत झोपायची.

त्या वर्षीचा पाऊस असाच होता, या वर्षीसारखा. मृग चांगला झाला. आषाढात दोन-तीन आठवडे रिपरिप लागली. आणि श्रावण सुरू व्हायच्या बेताला आभाळ मिटलं. शनिवारी नांदेडला जाताना अहमदपूर, लोहा अशी गावं मागं पडायची आणि मी खिडकीतून रानं बघायची. पहिल्या शनिवारी सगळं पोपटी होतं. पुढच्या खेपेला ज्वारीची पानं दुपारची सुरळी करायला लागली. त्याच्या पुढं उडदामुगाची फुलं गळाली, आणि लोह्याच्या अलीकडं काळ्या जमिनीत भेगा पडलेल्या एसटीतून दिसायला लागल्या. एसटीत सगळे पावसाचंच बोलायचे. एक म्हातारे गृहस्थ दर शनिवारी भेटायचे. खिडकीबाहेर हात काढून तळवा वाऱ्याला दाखवायचे आणि म्हणायचे, "निस्तं वारं. काय कामाचं न्हाई." एवढं बोलून हात आत घ्यायचे आणि डोळे मिटायचे.

गावोगाव देवाला साकडं घालणं चाललं होतं. मारुतीच्या गाभाऱ्यात पाणी कोंडत होते, दर्ग्यात चादर चढवत होते. नमाजालाही माणसं मैदानात जमली होती. आमच्या वर्गातली खेड्यातली पोरं सोमवारी गावाहून यायची ती तोंडं उतरवूनच.

अशा एका सोमवारी मी वायुदाबाचे पट्टे शिकवायला घेतले. अभ्यासक्रमात तो धडा नेमका तिथंच होता, माझी काही योजना नव्हती. फळ्यावर पृथ्वीचा गोल काढला. सांगितलं, विषुववृत्तावर हवा तापते, वर जाते, वर जाऊन दोन्ही बाजूंना पसरते आणि तिसाव्या अंशाच्या आसपास पुन्हा खाली उतरते. वर चढणारी हवा गार होते, तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात, पाऊस पडतो. खाली उतरणारी हवा दाबली जाते, तापते, आणि तिच्यात ढग टिकत नाही. म्हणून त्या पट्ट्यात सहारा आहे, अरबस्तान आहे, आपलं राजस्थानचं वाळवंट आहे. पुस्तकात त्याला उपोष्ण कटिबंधातला जास्त दाबाचा पट्टा म्हणतात.

मागच्या बाकावरनं एकानं विचारलं, "मग आपन कुठं, मॅडम?"

"आपण काठावर."

मी फळ्यावर लातूरचा ठिपका दिला. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेला येतो, त्याच्या मागं हा पट्टाही उत्तरेला सरकतो आणि मोसमी पावसाला आत यायला वाट मिळते. हिवाळ्यात पट्टा खाली येतो, आपलं आभाळ महिनोन् महिने कोरं राहतं. पण कधी कधी भर पावसाळ्यात त्या जास्त दाबाची एक जीभ पश्चिमेकडून आपल्या अंगावर येते. खाली वारं असतं, ढगही असतात, पण वरून कोरडी हवा उतरत असते आणि ती ढगाला उंच होऊ देत नाही. मग पाऊस हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन पडतो. आपल्याकडं खंड.

"म्हंजी आता तसंच हाय?"

"तसंच आहे."

वर्ग गप्प झाला. परीक्षेत येणाऱ्या गोष्टीसाठी वर्ग गप्प होतो तसा नव्हे. एरवी वहीत वेलबुट्ट्या काढणारा एक जण पत्र्याच्या फटीतून बाहेर बघत होता. तास संपला, पोरं गेली. मंगल दाराजवळच्या बाकावर तशीच बसून राहिली.

"मॅडम, ते किती मोठं असतंय?"

"काय?"

"ते वरून उतरतंय म्हनलाव ते. आपल्या तालुक्याएवढं आसंल का?"

"तालुका काय घेऊन बसलीस. अरबस्तानापासून इथवर पसरलेलं असतं. हजारो मैल."

ती फळ्याजवळ आली. मी काढलेल्या बाणांकडं बघत उभी राहिली. खालच्या दिशेनं काढलेल्या बाणांकडं.

"मग ते एका माणसानं म्हनलं म्हनून येत नसंल," ती म्हणाली.

"कुणी म्हटलं म्हणून?"

तिनं बोटानं एका बाणाचं टोक पुसलं. "मी म्हनले होते."

मी खडू खाली ठेवला. मग ती बोलली. मध्ये मध्ये थांबत, फळ्याकडंच बघत बोलली. भूकंपाच्या पहाटे ती आणि तिचे वडील अंगणात झोपले होते म्हणून वाचले. वडिलांना ती नाना म्हणायची. आई आत होती. दगडमातीचं घर, वर मातीचंच जाड धाबं. आईला काढेपर्यंत दुपार झाली. आणि मग पाऊस सुरू झाला. साऱ्या गावचीच माणसं जाळायची होती, लाकूड ओलं, सरणं पेटत नव्हती. आईचं सरण दोनदा विझलं. नाना पुन्हा पुन्हा पेटवायचे आणि पाऊस विझवायचा. "आमी दोघं सतरंजी धरून हुबे होतो वरून," ती म्हणाली. "सतरंजीतून बी पानी गळून राहिलं होतं."

त्यानंतर नानांचं बोलणं गेलं. म्हणजे वाचा गेली नव्हती. विचारलं तर हं म्हणायचे, न्हाई म्हणायचे, बस. शेडच्या दारात बसून राहायचे. असा हिवाळा गेला, उन्हाळा गेला. मृग आला तेव्हा पाहुण्यांनी बैलजोडी दिली आणि नानांनी पेरलं. त्या संध्याकाळी भाकरी खाता खाता ते म्हणाले, "मंगल, औंदा तूर चांगली निघंल." इतक्या महिन्यांतलं पहिलं सबंध वाक्य. त्या दिवसापासून ते बोलायला लागले. पिकाचं, बैलांचं, शेजाऱ्याच्या बांधाचं.

"मग आषाढात पाऊस लागला, मॅडम. मी तवा शेडमधीच होते. पत्र्यावर इतका वाजतोय, इतका वाजतोय. मी कानात बोटं घालून बसायची. एक दिवस देवाला म्हनले, आता बास. आता पुन्ना येऊ देऊ नको. आन् तो थांबला." तिचा आवाज इथं एकदम लहान झाला. "थांबला तो आलाच न्हाई. पीक वाळून चाललंय. नाना पुन्ना गप बसून राहिलेत. मीच केलं हे. मीच बंद केलं त्यांचं बोलनं."

ती श्रावणातले उपास धरत होती, असं मामाच्या घरी सगळ्यांना वाटत होतं. ती रोजच उपाशी राहत होती. मागितलेलं परत घ्यायचं होतं तिला.

वेडी आहेस का, असं म्हणणं सोपं होतं. पण ती वेडी नव्हती. जिच्या पायाखालची जमीन एका पहाटे कुणालाही न विचारता हलली, तिला आपल्या एका शब्दानं आभाळ थांबतं असं वाटलं तर त्यात वेडेपणा कसला? मी चपराशाच्या खोलीतून त्याच्या सायकलचा पंप मागून आणला. हवा दाबली की तापते, हे मी दरवर्षी नुसतं तोंडानं सांगत आले होते.

"पंपाच्या तोंडावर अंगठा धर आणि मार," मी म्हटलं.

तिनं मारायला सुरुवात केली. पहिल्यांदा सावकाश, मग जोरात. दांडा खाली जाताना फुसफुस आवाज यायचा. तिची वेणी पुढं आली, कपाळावर घाम आला. अंगठा सुटत होता, ती पुन्हा दाबून धरत होती. थांब म्हटलं तेव्हा थांबली.

"आता नळीला खालून हात लाव."

"पोळतंय."

"दाबली की हवा तापते ती अशी. एवढ्याशा नळीतली हवा दाबायला तुझा सगळा जोर लागला. आता अरबस्तानापासून लातूरपर्यंतची हवा दाबायची. तुझ्यानं होईल?"

ती नळीला हात लावूनच उभी होती. डोळ्यांतून पाणी चाललेलं, पण पुसत नव्हती.

"न्हाई," ती म्हणाली.

"तुझ्या म्हणण्यानं पाऊस थांबलेला नाही, मंगल."

तिनं पंप भिंतीला टेकवून ठेवला. मग तिनं विचारलं, "आन् म्हनल्यानं यायचा बी न्हाई?"

"नाही."

मला वाटलं, हे तिला क्रूर वाटेल. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि तिनं मोठा श्वास सोडला, डोक्यावरचा भारा उतरवल्यावर बाया सोडतात तसा. मी डबा उघडला. ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी होती. अर्धी भाकरी तिच्या हातावर ठेवली. तिनं ती खाल्ली, मग उरलेली अर्धीही खाल्ली.

त्या दुपारचं मला पुढं फार वेळा नवल वाटत आलंय. निसर्गाला आपलं काही देणंघेणं नाही, ही गोष्ट ऐकून माणसं घाबरतात, रागावतात. त्या मुलीला मात्र त्याच गोष्टीनं जेवायला बसवलं. आभाळ इतकं मोठं होतं की तिचा त्यात काही गुन्हा असूच शकत नव्हता.

माझं पुढं काय झालं, त्यात सांगण्यासारखं फार नाही. कला शाखेची पोरं कमी होत गेली. नांदेडला बदली मिळाली तेव्हा इथंही तेच सुरू झालं होतं. मीही काही वर्षं क्लासमध्ये शिकवलं, स्पर्धा परीक्षेच्या मुलांना. तिथं वायुदाबाचे पट्टे एका गुणाला होते. चार पर्यायांतला बरोबर कोणता, एवढंच. एकदा मी उतरणाऱ्या हवेचं समजावून सांगायला लागले, तर एक हुशार मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, हे येत नाही परीक्षेत." त्याचं खरं होतं. त्याच्या मागं अख्खं घर उभं होतं, त्याला वेळ नव्हता. मी उत्तराचं अक्षर सांगितलं आणि पुढचा प्रश्न घेतला. असे कितीतरी पुढचे प्रश्न घेतले. आता कधी कधी वाटतं, हा शीण त्यांचाच साचलेला आहे.

मंगल बारावी झाली, डी.एड. केलं, किनवटकडं नोकरी लागली. तिकडं का गेलीस म्हणून मी कधी विचारलं नाही. जिथं जागा निघाली तिथं गेली. नाना नव्या वसवलेल्या गावात राहायला गेले. तिथल्या घराचं काम पक्कं होतं. तरी ते अखेरपर्यंत ओट्यावरच झोपले. त्या साली त्यांचा उडीद-मूग पार गेला, ज्वारी निम्मी हाती लागली. तूर मात्र आली. तुरीची मुळं खोल जातात, ती ताण सोसते. तिनं वाट पाहिली.

पण ती वाट संपली तो दिवस सांगायचा राहिला.

भाद्रपद लागला होता. दोन दिवस वारं पडलं होतं. अंगाला घाम चिकटत होता, आणि पूर्वेकडून ढग यायला लागले होते, जड, खालून काळे. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याचं रेडिओवर सांगितलं होतं. दुपारच्या तासाला पत्र्यावर टपटप वाजलं आणि मग एकदम असा पाऊस कोसळला की माझा आवाज मलाच ऐकू येईना. पोरं ओरडली, बाकं वाजवायला लागली, दारात धावली. मी मंगलकडं पाहिलं. ती बाकाची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती. मग उठून माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "मॅडम, नाना एकटे हायेत तिथं."

तिला एकटी सोडायला माझं मन घेईना. मामाकडं निरोप ठेवला आणि आम्ही दोघी बसस्टँडला गेलो. एसटी गळत होती. औसा मागं पडलं तसं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानातून पाणी चाललेलं दिसायला लागलं. माणसं बांधावर उभी राहून नुसती भिजत होती. फाट्यावर उतरलो तेव्हा जोर थोडा कमी झाला होता. चिखलातून चालत शेडपर्यंत गेलो. पत्र्याच्या लांबच लांब रांगा, आणि त्यांच्यावर वाजणारा तो पाऊस. वर्गाचा पत्राही दुपारी वाजला होता, पण तिथं पोरांचा गलका होता. इथं आत उभं राहिलं तर डोक्याच्या आतच वाजत होता.

त्यांच्या शेडचं दार सताड उघडं होतं. आत कुणी नव्हतं. चूल विझलेली, कोपऱ्यात घोंगडं घडी घातलेलं. मंगलनं एकदम मोठ्यानं हाक मारली, "नाना!"

शेजारची बाई डोक्यावर पाटी धरून बाहेर आली. "आगं, तकडं बसलाय बग. पाऊस आला की तकडंच जाऊन बसतोय त्यो."

शेड संपत होत्या तिथं एक मोठा धोंडा होता. त्याच्यावर नाना बसले होते, खताच्या पोत्याची खोळ डोक्यावरून घेऊन. समोर त्यांचं रान नव्हतं, काहीच नव्हतं. मोकळा माळ होता आणि त्याच्यावर पाऊस पडत होता.

मंगल जवळ गेली. मी चार पावलं मागं थांबले.

"नाना, भिजून राहिलाव की तुमी."

त्यांनी वर पाहिलं. तिला बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. "आत बसवत न्हाई," ते म्हणाले. "पत्रा वाजतोय."

"मला वाटायचं, तुमी रान बगायला म्हनून भाईर जाताव."

"रान काय पळून चाललंय का."

ती तिथंच चिखलात उकिडवी बसली. "नाना, मी पावसाला येऊ नको म्हनले होते. आषाढात."

पाण्याच्या धारा पोत्याच्या कडेवरून त्यांच्या गुडघ्यांवर पडत होत्या.

"मी बी म्हनलो होतो," ते म्हणाले. "पेरून आलो, आन् त्याच रातच्याला म्हनलो. पीक यावं आन् पाऊस येऊ नये. आसं कुठं असतंय का?"

मग त्यांनी सरकून धोंड्यावर जागा केली, खोळीची एक बाजू उचलली आणि ती आत जाऊन बसली. बापलेक एका पोत्याखाली. मला वाटलं, आता ते रडतील. पण नाना बोलायला लागले. हळू, अडखळत, पण थांबले नाहीत.

"तुजी माय," ते म्हणाले, "पाऊस आला की आदी गोवऱ्या आत घ्यायची. तू पाळन्यात भाईर पडलेली. म्या म्हनलो, आगं लेकरू भिजतंय. तर म्हनली, लेकरू वाळतंय, गोवरी वाळत न्हाई."

मंगल हसली. तिचं हसू मी तोवर ऐकलंच नव्हतं. नानाही हसले आणि हसता हसता त्यांनी पोत्याच्या टोकानं तोंड पुसलं.

शेजारच्या बाईनं चहा ठेवला होता. ती दारातून ओरडली, "आत या की रं आता, च्या झालाय!" दोघांपैकी कुणी हललं नाही. मग तिनं दोन कप माझ्या हातात दिले. मी ते घेऊन पावसात गेले. चालता चालता चहात पाणी पडत होतं आणि कप भरत चालले होते.

नानांनी कप घेतला. मंगलनं घेतला.

"तुमी बी बसा, मॅडम," नाना म्हणाले आणि धोंड्यावर आणखी थोडं सरकले.

मी बसले.